वजन उतरवण्याचा उत्साह चौथ्या आठवड्यात का मावळतो?

पहिला आठवडा झोकात जातो. गजर वाजायच्या आधी जाग येते, बूट दाराशी तयार असतात, वजनकाटा दीड-दोन किलो उतरल्याचं दाखवतो. दुसराही बरा जातो. तिसऱ्यात काटा जागचा हलत नाही आणि भूक मात्र वाढलेली असते. चौथ्यात एक दिवस बुडतो, मग दोन, आणि महिना संपेपर्यंत बूट कपाटात गेलेले असतात. ज्याचं असं होतं तो स्वतःलाच बोल लावतो, ‘माझ्यात चिकाटीच नाही.’

बहुतेक वेळा हा आरोप अन्यायाचा असतो. इतक्या वेगवेगळ्या स्वभावाच्या माणसांची गाडी एकाच सुमारास आणि एकाच वळणावर अडत असेल, तर आधी ते वळण तपासायला हवं. तिथे शरीरात काय चाललेलं असतं, हे एकदा कळलं की काय करायचं तेही बरंचसं उलगडतं.

पहिले दोन किलो कुठे गेले?

शरीर साखरेचा थोडा साठा यकृतात आणि स्नायूंत हाताशी ठेवतं. त्याला ग्लायकोजेन म्हणतात. चरबी ही बँकेतली ठेव मानली, तर ग्लायकोजेन म्हणजे खिशातले सुटे पैसे. मोठ्या माणसाच्या शरीरात हा साठा साधारण अर्धा किलो भरतो आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं कमी केलं की आधी खिशातले पैसे संपतात आणि त्यांच्याबरोबर ते पाणीही निघून जातं. शिवाय आतड्यात अन्न कमी असतं, मीठही कमी पोटात गेलेलं असतं. पहिल्या आठवड्यात काटा जे दोन किलो दाखवतो, त्यात चरबी जेमतेम पाव ते अर्धा किलो असते.

चरबीचा हिशेब वेगळ्याच गतीने चालतो. शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. रोज गरजेपेक्षा ५०० कॅलरी कमी घेतल्या, तर आठवड्याला ३,५०० कॅलरींची तूट पडते, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम चरबी जाते. हा वेग चांगला आहे. आठवड्याला अर्धा ते एक किलो ही बहुतेकांसाठी समंजस मर्यादा मानली जाते. पण मन पहिल्या आठवड्याच्या दोन किलोंना चटावलेलं असतं.

इथे मेंदूचा एक गुणधर्म आडवा येतो. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाला ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात, ते अर्धवट खरं आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की डोपामिनच्या पेशी बक्षीस किती मोठं आहे यापेक्षा ते अपेक्षेच्या तुलनेत कसं आहे याला प्रतिसाद देतात. बक्षीस म्हणून अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की या पेशी चेतवल्या जात. हक्काने अपेक्षित असलेला रस आला नाही, की त्या नेहमीपेक्षाही थंड पडत. दोन किलोंची वाट पाहणाऱ्या मेंदूसाठी चारशे ग्रॅम म्हणजे न आलेला रस. प्रगती चालू असते, पण आतून निराशेचा संदेश येतो आणि आपण त्यालाच ‘उत्साह संपला’ म्हणतो.

लाटा मोजून ओहोटी कळत नाही

किनाऱ्यावर उभं राहून एकेक लाट पाहिली, तर समुद्र आत जातोय की बाहेर येतोय ते सांगता येत नाही. वाळूत काठी रोवून तासाभराने पाहावं लागतं. वजनाचं असंच आहे. पाणी, मीठ, पोटातलं अन्न, मासिक पाळी यांमुळे एकाच माणसाचं वजन दिवसागणिक एक-दोन किलोंनी सहज वरखाली होतं. आठवड्याची अर्ध्या किलोची खरी घट या लाटांमध्ये दिसेनाशी होते.

आणखी एक फसगत नव्याने वजनं उचलायला लागलेल्यांची होते. न झेपलेल्या स्नायूंना सूज येते, ती पाणी धरून ठेवते आणि पहिले काही आठवडे काटा चक्क वर जातो. अनेक जण नेमके याच वेळी व्यायाम सोडतात, याचं फार वाईट वाटतं, कारण ते योग्य तेच करत असतात.

म्हणून मोजण्याची पद्धत बदला. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर वजन करा आणि नुसतं लिहून ठेवा. रविवारी सातही आकड्यांची सरासरी काढा आणि तिची तुलना फक्त मागच्या रविवारच्या सरासरीशी करा. पाळी येणाऱ्या स्त्रियांनी शक्यतो मागच्या चक्राच्या त्याच आठवड्याशी तुलना करावी. दर दोन आठवड्यांनी टेपने कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप त्वचेला टेकलेली पण रुतलेली नाही अशी. वजन थबकलं तरी कंबर उतरत असेल, तर काम चालू आहे. रोजचा आकडा पाहून ज्यांचा दिवस खराब होतो, त्यांनी वजनाच्या फंदात न पडता फक्त टेपवर भर द्यावा. त्यात काहीच कमीपणा नाही.

शरीर काटकसर सुरू करतं

पगार कमी झाला की घर खर्च आवरतं. आधी सहली बंद होतात, मग दिवे लवकर मालवले जातात. खाणं कमी झालं की शरीरही हेच करतं. विश्रांतीतला खर्च थोडा कमी होतो आणि माणूस नकळत कमी हालचाल करतो. जिना टाळतो, उभं राहायच्या जागी बसतो, हातवारेही कमी होतात. शिवाय शरीर लहान झाल्यामुळे तेच अंतर चालायला आता कमी कॅलरी लागतात. सुरुवातीची ५०० कॅलरींची तूट अशी हळूहळू आटत जाते.

दुसरीकडे भूक वाढते. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात आणि त्यातून मेंदूला ‘साठा पुरेसा आहे’ असा निरोप जातो. चरबी घटली की हा निरोप क्षीण होतो. जठरातून निघणारं घ्रेलिन भुकेची घंटा वाजवतं, त्याचं प्रमाण वाढतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० लठ्ठ व्यक्तींना दहा आठवडे अतिशय कमी कॅलरींचा आहार दिला होता. वर्ष उलटल्यावरही त्यांची भुकेची संप्रेरकं मूळ पातळीवर आलेली नव्हती.

टोकाची उपासमार मनाचं काय करते, हे १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी केलेल्या प्रयोगात दिसलं. ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने २४ आठवडे अर्धपोटी राहिले आणि त्यांचं वजन जवळपास पाव हिश्श्याने घटलं. ते चिडचिडे झाले, कशातच रस वाटेना, मन सतत अन्नाभोवती घुटमळू लागलं. मुळात ही माणसं धडधाकट आणि निर्धाराची होती. अन्न पूर्ववत झाल्यावर ती सावरली, पण त्याला बरेच महिने लागले. ‘महिन्यात दहा किलो’ छापाचे आहार याच रस्त्याने नेतात. तूट जितकी मोठी, तितका उत्साह लवकर आटतो. आहारात कपात करायची तर रोज तीनशे ते पाचशे कॅलरींपुरती ठेवा.

झोपेचाही इथे थेट संबंध आहे. २०१० सालच्या एका छोट्या पण काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगात दहा जणांना तोच आहार देऊन दोन आठवडे साडेआठ तास आणि दुसऱ्या वेळी दोन आठवडे साडेपाच तास झोपेची मुभा दिली. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं. पण कमी झोपेच्या काळात चरबी निम्म्याहूनही कमी गेली, बाकीची घट स्नायूंसारख्या कामाच्या ऊतींतून झाली, आणि भूकही जास्त लागली. पहाटे व्यायामाला उठता यावं म्हणून झोप कापणं हा तोट्याचा सौदा आहे.

काडीने चूल पेटते, काडीवर भात शिजत नाही

उत्साह ही काडी आहे. ती विझणारच, तिचं कामच तेवढं. ती पेटलेली असताना लाकडं नीट रचून घ्यायची असतात. बहुतेक जण मात्र उत्साहाचे पहिले दिवस दीड-दोन तास घाम गाळण्यात घालवतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू इतके दुखतात की खुर्चीतून उठवत नाही, आणि पुढचा आठवडा बुडतो.

लाकडं रचायची म्हणजे काय, याचं उत्तर एका जुन्या प्रयोगात सापडतं. २००२ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी २४८ विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एकाला काहीच विशेष सांगितलं नाही. दुसऱ्याला व्यायामाने हृदयविकार कसा टळतो, हे पटवून देणारा मजकूर दिला. तिसऱ्याला तोच मजकूर दिला आणि शिवाय पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे लिहायला सांगितलं. आठवड्यात एकदा तरी वीस मिनिटं व्यायाम केला असं सांगणारे पहिल्या गटात ३८ टक्के होते, दुसऱ्यात ३५ आणि तिसऱ्यात ९१. प्रेरणादायी मजकुराने एकट्याने काहीच हललं नाही. वेळ आणि जागा ठरवल्याने हललं. एका आठवड्याचाच प्रयोग आहे, पण त्यातला फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी या तंत्राला नेमकं रूप दिलं: ‘अमुक झालं, की मी तमुक करीन.’ ‘मी रोज चालेन’ हा संकल्प झाला. ‘संध्याकाळी कामावरून आल्यावर पिशवी खाली ठेवली, की बसण्याआधी बूट घालीन आणि वीस मिनिटं चालून येईन’ ही योजना झाली. दुसऱ्या वाक्यात ‘आज जावं की नाही’ या प्रश्नाला जागाच उरत नाही. थकलेलं मन नेमकं त्याच प्रश्नावर हरतं. अडचणींसाठीही अशीच वाक्यं आधी लिहून ठेवा. पाऊस असेल तर घरात जिना चढउतार. बैठक लांबली तर जेवणानंतर दहा मिनिटं. कोणी आग्रहाने वाढलं तर एकदा अर्धं घ्यायचं, दुसऱ्यांदा नाही म्हणायचं.

ध्येयही किलोंत न मांडता कृतींत मांडावं. अर्धा किलो घटवणं आपल्या हातात नसतं. आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटं चालणं असतं. किलोंचा आकडा हवाच असेल, तर पहिला टप्पा सध्याच्या वजनाच्या पाच टक्के ठेवा, म्हणजे ८० किलोच्या माणसाला चार किलो. एवढ्याशाने काय होणार, असं वाटेल. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ जणांवर एक मोठी चाचणी झाली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, सात टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच ध्येय दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं.

वाईट दिवसाचा वाटा आधी ठरवा

या लेखातली एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. चांगल्या दिवसाचा व्यायाम सगळेच ठरवतात, वाईट दिवसाचा कोणी ठरवत नाही. ताप नाही, दुखापत नाही, नुसता कंटाळा आहे, अशा दिवशी किमान काय करायचं ते कागदावर लिहा. ते इतकं लहान असावं की नाही म्हणायला लाज वाटावी: बूट घालून दहा मिनिटं चालणं, किंवा खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं आणि भिंतीला हात लावून दहा पुश-अप. दहा मिनिटांनी परत फिरायची पूर्ण मुभा. त्या दिवशी कॅलरी जळल्या नाहीत तरी चालेल, सवयीची साखळी टिकते.

पहिल्या महिन्यासाठी साधा आराखडा असा. पहिल्या आठवड्यात पाच दिवस पंधरा मिनिटं चालणं, मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढ. वेग असा, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. तिसऱ्या आठवड्यापासून दोन दिवस, मधे एक दिवस सोडून, ताकदीचे चार व्यायाम: खुर्चीवरून उठबस, भिंतीवरचे पुश-अप, पाठीवर झोपून गुडघे मुडपून कंबर उचलणं, आणि रबरी पट्टा छातीकडे ओढणं. प्रत्येकी आठ ते बारा वेळा, दोन फेऱ्या. शेवटच्या दोन वेळा जड जायला हव्यात. बारा सहज होऊ लागले की व्यायाम थोडा अवघड करा, उदाहरणार्थ भिंतीऐवजी टेबलाच्या कडेवर पुश-अप. याच क्रमाने महिना-दोन महिन्यांत जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या आठवड्याला किमान १५० मिनिटं आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम, या पातळीला पोचता येतं. छातीत दुखणं, चक्कर किंवा आधीचा हृदयविकार असेल तर सुरुवात डॉक्टरांना विचारूनच.

सवय एकवीस दिवसांत लागते का?

नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा रोज माग ठेवला. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, ६६ निघाला, पण कुणाला १८ दिवस पुरेसे होते, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज आला. पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी लवकर रुजल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. बाविसाव्या दिवशी अजूनही जीवावर येत असेल, तर तुम्ही अगदी सर्वसामान्य आहात.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त दिलासा देणारी आहे. एखादा खाडा पडल्याने सवय रुजण्यात फारसा फरक पडला नाही. बिघडतं ते खाड्यानंतरच्या विचाराने. ‘आज मोडलंच आहे, आता सोमवारपासून’ असं म्हणत मधले चार दिवस मोकाट जातात. थोडं दूध उतू गेलं म्हणून उरलेलं कोणी मोरीत ओतत नाही. नियम एकच ठेवा: लागोपाठ दोन खाडे नाहीत. आणि भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट व्यायाम किंवा उपवास करू नका. त्या शिक्षेमुळेच तिसरा दिवस बुडतो.

‘एवढं चालूनही वजन हलत नाही, मग चालायचं कशाला?’

ही तक्रार रास्त आहे. ८० किलोचा माणूस अर्धा तास झपझप चालला तर साधारण दीडशे कॅलरी खर्च होतात. रोज चाललं आणि खाणं तेच ठेवलं, तर एक किलो चरबी जायला सात आठवडे लागतील. चालून आल्यावर ‘आज चाललोय’ म्हणून थोडं जास्त खाल्लं तर तेही नाही. वजन उतरतं मुख्यतः ताटातून. व्यायामाचं मोल निराळं आहे. तूट असतानाही तो स्नायू टिकवतो, रक्तातली साखर आणि रक्तदाब सुधारतो, झोप लावतो, आणि उतरलेलं वजन पुन्हा चढू नये यासाठी त्याचा मोठा आधार असतो. व्यायामाचं मोजमाप काट्यावर केलं तर तो कायम नापास ठरेल. त्याची मोजणी दम किती मिनिटांनी लागतो, किती पुश-अप होतात यावर करा. हे आकडे पहिल्या दोन महिन्यांत भराभर सुधारतात आणि मन टिकवायला त्यांचा फार उपयोग होतो.

‘मला व्यायाम आवडतच नाही’

मग आवडायची वाट पाहू नका, त्याला आवडती गोष्ट जोडा. एखादी श्राव्य कथामालिका फक्त चालतानाच ऐकायची, घरी नाही, असं ठरवा. आणि प्रकार बदलून पाहा: पोहणं, सायकल, नाच, बॅडमिंटन. ज्यात वेळ कसा गेला कळत नाही तो प्रकार, कॅलरी थोड्या कमी जाळत असला तरी, वर्षभरात जास्त काम करून जातो.

‘आता तर इंजेक्शनं आली आहेत’

सेमाग्लुटाइडसारखी औषधं भूक खरोखर कमी करतात. २०२१ सालच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी वजन जवळपास १५ टक्क्यांनी घटलं. ज्यांना वैद्यकीय गरज आहे त्यांनी ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेण्यात गैर काही नाही, आणि त्यांना ‘पळवाट’ म्हणणंही चूक आहे. पण औषध आणि त्यासोबतचं मार्गदर्शन थांबल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचं त्याच चाचणीतल्या लोकांच्या पुढच्या पाहणीत दिसलं. शिवाय घटलेल्या वजनात स्नायूही जातात. त्यामुळे ताकदीचे व्यायाम आणि पुरेशी प्रथिनं औषध घेणाऱ्यांनाही टाळता येत नाहीत.

एक सूचना कळकळीची. सगळं नीट पाळूनही सहा-आठ आठवडे सरासरी आणि कंबर दोन्ही ढिम्म असतील, किंवा थकवा आणि वजनवाढ एकदमच सुरू झाली असेल, तर स्वतःला दोष देण्याआधी तपासणी करून घ्या. थायरॉइडचा स्राव कमी असणं, पीसीओएस (स्त्रियांमधला अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा विकार), स्टेरॉइड आणि काही मानसिक आजारांवरची औषधं यांनी वजन अडतं. चोरून खूप खाणं, मग ओकारी काढणं किंवा उपाशी राहणं असं चक्र चालू असेल, तर तो खाण्याशी निगडित आजार असू शकतो आणि त्यावर उपचार होतात.

वजन उतरल्यानंतर

ध्येय गाठलं की लोक वही मिटतात, आणि घसरण तिथेच सुरू होते. भूक अजून वाढलेली असते आणि लहान झालेल्या शरीराची गरज कमी असते, हे वर आलंच आहे. आहार एकदम मोकळा न सोडता दर आठवड्याला रोजच्या खाण्यात शंभर-दीडशे कॅलरी वाढवत जा. सरासरी स्थिर राहील तिथे थांबा. मग वजन आठवड्यातून एकदा पुरे. पण ध्येयाच्या वर दोन किलोंची एक रेघ वहीत आखून ठेवा. सरासरी त्या रेघेला टेकली, की त्याच दिवशी रोजची नोंद पुन्हा सुरू करायची आणि ती रेघेखाली येईपर्यंत चालू ठेवायची. दोन किलो उतरवायला चार-सहा आठवडे पुरतात. दहा होईपर्यंत थांबलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.